निवलेलं ताट

माझे सासरे बटाटा खात नसत. वातूळ असतो म्हणायचे. जो माणूस हरभऱ्याची उसळ दोनदा मागून घ्यायचा आणि तुरीचं घट्ट वरण नुसतं प्यायचा, त्याला वात व्हायचा तो नेमका बटाट्यानंच, हे मला कधी पटलं नाही. पण सुनेनं सासऱ्याच्या पोटात शिरायचं तरी किती? मी गप्प बसायचे आणि आमच्याकडे उपासाला रताळी शिजायची.

दुसरं त्यांचं खूळ ताटाचं. वाढलेलं ताट निवलं की या माणसाचा तोल जायचा. एरवी तोंडातून शब्द काढायचा तर मारामार, पण माझे यजमान गोरक्ष कामावरून येऊन हातपाय धुताना जरा रेंगाळले की बाहेरून आवाज यायचा, “गोरक्ष, ताट वाढलंय.” मग पुन्हा, चढ्या सुरात. नंतर ते स्वतःच उठून मोरीच्या दारात येऊन उभे राहायचे. चाळिशीला टेकलेला मुलगा तोंडावर साबण तसाच ठेवून पाटावर येऊन बसायचा.

आणि संकष्टीचं तर नाव काढायची सोय नव्हती. सासूबाईंनी लग्नानंतर धरली होती म्हणे. मामंजी लढाईवरून परत आल्यावर पहिल्याच चौथीला त्यांनी विचारलं, जेवायची का थांबलीस? चंद्र निघायचाय, म्हणाल्या. तर हे म्हणाले, “ह्या घरात चंद्रासाठी ताट थांबायचं न्हाई.” त्या बिचारीनं उपास सोडला आणि गणपतीची माफी मागत मागत गेली. मी मात्र सोडला नाही. मी देवळाली प्रवऱ्याची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली, आमच्या उसाइतकीच ताठ. महिन्यातून एकदा माझं पोट बिघडायचं. चंद्र निघाला की परसात उभ्यानं चार घास खायचे. मामंजींना हे कळत नसेल असं नाही. पण मी ताट वाढूनच घेत नव्हते, त्यामुळे त्यांना ओरडायला काही सापडत नसावं.

मामंजींचं नाव गहिनीनाथ. मराठा पलटणीत भरती झाले, आफ्रिकेच्या वाळवंटात धरले गेले, तिथून इटलीत कैद, मग जर्मनांच्या ताब्यात फ्रान्स मुलखात. सुटून आल्यावर नगरजवळ भिंगारला लष्कराच्या डेपोवर चौकीदार झाले आणि मुलालाही तिथंच फिटर म्हणून चिकटवला. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की गहिनीनाथ फ्रान्स बघून आलेत. कुणी नवा माणूस कौतुकानं विचारायचा, काय काय पाहिलंत तिकडं? मामंजी सांगायचे, “गोठा.” पुढे कुणी विचारत नसे. मीही चौदा वर्षांच्या संसारात एवढंच ऐकलं होतं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. बाजारात तांबडी मिलो ज्वारी, घरात टँकरचं पाणी, आणि माझ्या माहेरच्या पाटातसुद्धा पोरं गोट्या खेळायला लागली होती. गणपती उठायच्या आधी एका दुपारी आमच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. मोकळं कपाळ, खडी फोडून हाताला पडलेले घट्टे, पायात टायरच्या चपला.

“गहिनीनाथ भावजींचं घर ह्येच का?”

मामंजी खाटेवरून उठले. सासऱ्यांना एवढ्या घाईनं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. “या वयनी,” ते म्हणाले आणि मला पाणी आणायची खूण केली.

ती साळूबाई, खर्ड्याची. तिचा नवरा सहादेव आणि मामंजी एकाच पलटणीतले, एकाच छावणीत कैदेत. सहादेव तिकडंच फ्रान्समध्ये वारला. लढाई संपल्यावर मामंजी खर्ड्याला जाऊन तिला सांगून आले होते. त्यानंतर दोघांची गाठ पडली ती आज.

साळूबाई अर्धा तांब्या पाणी प्यायल्या आणि उरलेलं टाकू नको म्हणून मला परत दिलं. मग म्हणाल्या, “भावजी, औंदा घरात कुनी ऱ्हायलं न्हाई. दीर अन् पुतन्या जनावरं घिऊन बागायतीकडं गेले. चौथीचा म्हाळ पुतन्याच घालतो दरसाली. आता कोन घालनार?”

“हितं घालू,” मामंजी म्हणाले. “म्या घालतो.”

पितृपक्षात ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याच्या नावानं जेवण करायचं, कावळ्याला घास ठेवायचा, मग घरच्यांनी जेवायचं, हे कुठल्याही घरी चुकत नाही. सहादेवाची तिथी चौथ. म्हणजे संकष्टीच. हे माझ्या लगेच लक्षात आलं.

“तेच मागाया आले,” साळूबाई म्हणाल्या. “अन् आनखी एक. तुमी तवा सांगितलं हुतं, एका म्हातारीनं बटाट्याचं कायतरी करून घातलं, चंद्र बघून पोटभर जेवला अन् झोपंत गेला. म्या त्याच्यावरच दीस काढलं बगा. लोकांची मानसं तहानली गेली, उपाशी गेली. माझा जेवून गेला. म्हाळाला म्या पुरन वाढते, कढी वाढते. पर ते कुठं त्यानं शेवटाला खाल्लं? ते बटाट्याचं एकदा त्याच्या ताटात वाढायचंय. कसं असतंय ते मला डोळ्यानं बगायचंय. मंग माझं काय बी मागनं न्हाई.”

मामंजींनी आपल्या तळहातांकडे बघितलं. मग म्हणाले, “करू.”

करू म्हणणारे पुरुष आणि करणारी मी. साळूबाई चौथीला येते म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे. सासूबाई होत्या तेव्हाही त्यांनी तो उंबरा कधी ओलांडला नसेल.

“पुष्पा, बिडाचं भांडं हाय का आपल्याकडं? जड. झाकन बी बिडाचंच पायजे.”

नव्हतं. भिंगारच्या बाजारात लष्करातून मोडीत निघालेल्या वस्तूंचं एक दुकान आहे, तिथून ते स्वतः जाऊन घेऊन आले. कुणा साहेबाच्या घरचं असावं. गंज इतका की चिंच आणि राख लावून घासता घासता माझे खांदे भरून आले. पदार्थाचं नाव विचारलं तर म्हणाले, “तोफाय.” लष्करात गेलेल्या माणसाच्या जेवणाचं नावही तसंच असायचं, असं मनात म्हणून मी बटाटे चिरायला घेतले.

“बुडाला लोनी,” ते उंबऱ्यावर बसून सांगायला लागले. “मंग कांदा. मंग बटाट्याच्या चकत्या. पुन्यांदा कांदा, पुन्यांदा चकत्या. मीठ. अन् एक पान.”

“कसलं पान?”

मी डब्यातून तमालपत्र काढून दिलं. त्यांनी ते हुंगलं. “ह्येच. पर तिकडं हिरवं हुतं.”

“फोडणी?”

“न्हाई.”

“हळद? तिखट?”

“न्हाई.”

म्हणजे आजाऱ्याचं जेवण. त्या वर्षी घरात एक कण वाया घालवायची छाती नव्हती. मी विचार केला, निदान माणसानं खावं असं तरी होऊ दे. त्यांची पाठ वळली तशी जिरं आणि चार हिरव्या मिरच्या तुपात तडतडवून घातल्या, हळदही टाकली. त्यांनी झाकण उचललं, पिवळा रंग पाहिला आणि झाकण परत ठेवलं. रागावले नाहीत. गोरक्षांनी मात्र दोन भाकरींबरोबर मिटक्या मारत खाल्लं आणि म्हणाले, फ्रान्सचे लोक चांगलं जेवतात की.

दुसऱ्या खेपेला ते समोरच बसले. मंद आचेवर भांडं, वर जड झाकण. बुडाला लागेल म्हणून मी उलथनं घालायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेचं मनगट धरायचं म्हणजे काय, हे त्यांनाही कळलं. आम्ही दोघंही ओशाळलो. “ढवळायचं न्हाई,” ते म्हणाले. “सहादेवानं तिथं उलथनं घातलं हुतं, तर म्हातारीनं त्याच्या हातावर चापट मारली.” आणि ते हसले. सहादेवाचं नाव घेऊन त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

लोणी मिळणं सगळ्यात अवघड. गवळ्याच्या म्हशी हाडांवर आलेल्या, दुधाला साय ती कितीशी धरणार? मी रोजची साय वाटीत जमवत राहिले आणि घरात चहा काळा झाला. पुढच्या खेपेला जे झालं ते खरंच चांगलं झालं. बुडाचा थर तांबूस, वरच्या चकत्या लोण्यासारख्या मऊ, कांदा विरघळून नाहीसा. शेजारच्या रोशनबी वासानं दारात आल्या. सोबत आंबूस पांढरं काहीतरी होतं असं मामंजी म्हणाले होते, म्हणून मी दही फडक्यात बांधून चक्का केला होता. मामंजींनी वाफाळती चकती तोंडात घातली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. बटाटा खात होते ते. वात कुठं गेला, देव जाणे.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले. “पर त्ये न्हाई.”

माझं डोकं फिरलं. आठवडाभराची साय, टँकरच्या रांगेतलं पाणी, खांद्याची कळ. मी भांडं दाणकन खाली ठेवलं आणि निजायला गेले.

सकाळी उठले तर मामंजी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उकिडवे बसलेले. मांडीशी भांडं, झाकण बाजूला. वर लोणी पांढरं थिजलेलं, बटाटे दडदडीत. ते बोटांनी खात होते, सावकाश.

“मामंजी, निवलंय ते. थांबा, गरम करून देते.”

“नको,” ते म्हणाले. “ह्येच हाय. म्या हे गरम कधी खाल्लंच न्हाई.”

त्या सकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं. मी पाटावर बसून ऐकलं आणि चूल पेटवायची राहिली.

छावणी होती त्या गावावर एका दिवशी आपल्याच बाजूच्या विमानांनी बॉम्ब टाकले. भिंती पडल्या, माणसं मेली, उरलेली मोकळी झाली आणि रानात पळाली. सहादेवाच्या बरगडीखाली पत्र्याचा तुकडा घुसला होता. खरचटलंय म्हणाला, सदरा गुंडाळून बांधला आणि मामंजींच्या बरोबरीनं चालला. सुरूसारख्या उंच झाडांचं रान, त्यात संध्याकाळी एक घर. घरात एकटी म्हातारी. दोन काळी, रक्तानं माखलेली माणसं दारात पाहून ती ओरडली नाही. आत घेतलं, चुलीपाशी बसवलं. आढ्याला टांगलेलं डुकराचं मांस दाखवलं तर या दोघांनी कानाला हात लावले. तिनं ते परत टांगलं आणि लोणी काढलं. तोफाय झाल्यावर भांडं आणि ताटल्या गोठ्यात आणून दिल्या, कारण घरात कुणी झडती घ्यायला येईल.

सहादेवाची त्या दिवशी संकष्टी होती. छावणीत पंचांग कुठलं? पुनव झाली की तो दिवस मोजायचा. कैदेत रात्री खिडक्या बंद, म्हणून जेवणाची घंटा झाली की चंद्र निघाला असं धरून तो उपास सोडायचा. पण आता तो मोकळा होता. आता त्याला खरा चंद्र बघायचा होता.

“अरं, बटाटं उपासाला चालत्यात,” मामंजी त्याला म्हणाले.

“कांदा हाय त्यात,” सहादेव म्हणाला. “झाकून ठेव. निघंलच आता. साळूला शब्द दिलाय म्या, ती बी थांबली आसंल.”

एकट्यानं कसं खायचं म्हणून मामंजीही थांबले. पण तिकडं मे महिन्यात अंधारच पडेना. आपल्याकडे जेवणं उरकून लोक निजले असते तरी तिथं उजेड. अंधार पडला तर चंद्र नाही. ढग असतील, सहादेव म्हणायचा. मामंजी बाहेर जाऊन बघून यायचे. ढग नव्हते, नुसत्या चांदण्या. आपल्याकडे संकष्टीचा चंद्र जेवणवेळेला निघतो, त्या मुलखात तो मध्यरात्र उलटवतो, हे त्या दोघांना कोण सांगणार होतं? सहादेवाचा आवाज बारीक होत गेला तरी तो निघाला का, निघाला का, विचारत राहिला. शेवटी झाडांमागून चंद्र वर आला. “सहादेव, निघाला रं,” म्हणत मामंजी आत धावले. तो भिंतीला टेकून तसाच बसलेला होता, ताटली मांडीजवळ झाकलेली.

“म्हातारीनं अन् म्या त्याला झाडाखाली ठिवला,” मामंजी म्हणाले. “उजाडायच्या आत मला पुढं जायचं हुतं. माझं खाल्लं. मंग त्याचं बी खाल्लं. भूक लागली हुती, पुष्पा.”

मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

“खर्ड्याला गेलो तर वयनीचं पयलं बोलनं, जेवला हुता का? म्या व्हय म्हनलं. काय म्हनू? तू शब्द घातला, म्हनून उपाशी मेला, असं म्हनू?”

मी माझं मत तिथंच सांगून टाकलं. म्हटलं, मामंजी, आता हे तोंडातून काढू नका. इतकी वर्षं ज्या खोट्यावर ती बाई जगली ते आता म्हातारपणी तिच्या हातून काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार? तिला बटाटे दाखवू, जेवू घालू आणि एसटीत बसवू. “म्या कुठं सांगतोय,” ते म्हणाले. पण त्यांनी ते मनापासून म्हटलं तरी मला धाकधूक होतीच.

चौथीला साळूबाई पहिल्या गाडीनं आल्या. फडक्यात मूठभर तांदूळ बांधून आणले होते, कुठून मिळवले देव जाणे. कढी झाली, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर आणि तोफाय. भांड्याचं झाकण मी त्यांच्यासमोर उघडलं. त्या वाकून बघत राहिल्या.

“एवढंच?”

“एवढंच,” मामंजी म्हणाले.

“फोडनी बी न्हाई.” त्यांनी तांबूस झालेली एक चकती बोटानं हलवून पाहिली. “तरी पोटभर जेवला म्हना की.”

मी मामंजींकडे बघितलं. “व्हय,” ते म्हणाले. मला वाटलं, झालं, निभावलं.

मामंजींनी परसातल्या भिंतीवर घास ठेवला. दुष्काळातले कावळे ते, वाट बघायला लावली नाही. घास ठेवून हात मागे घेतात न घेतात तोच तीन कावळे झडप घालून आले. साळूबाईंनी हात जोडले. मग मी पाटपाणी केलं. गोरक्ष कामावर होते. मामंजींचं आणि साळूबाईंचं ताट वाढलं, तोफाय वाफाळती वाढली. साळूबाई पाटावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

“मला आज संकष्टी हाय,” त्या म्हणाल्या. “झाकून ठेव बाई. चंद्र निघाल्यावर जेवते.”

सहादेवानं उपासाचा शब्द हिलाच दिला होता, तर तीही उपास करत असणार, हे माझ्यासारख्या चोरून संकष्टी करणारीला आधी सुचायला हवं होतं. मामंजींचा हात घासावर होता तो तिथंच राहिला.

“वयनी, जेवून घ्या,” ते म्हणाले. “ताट निवतंय.”

“निवू द्या की. निवल्यालं बी चालतंय मला.”

“जेवा म्हनतो ना.”

हा गोरक्षांना हाक मारतानाचा आवाज होता. मी मध्ये काहीतरी बोलायला गेले, खिरीचं विचारलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साळूबाई जरा दचकल्या, मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “असं काय करता भावजी? त्यो पलटनीत निघाला तवा देवळात उभं करून म्या त्याला बी धरायला लावली. म्हनलं, तू तिकडं चंद्र बघून जेव, मी हितं बघून जेवते. तेवढंच एका पंगतीला बसल्यागत. त्यानं शेवटपत्तुर पाळली, अन् म्या आता मोडू व्हय?”

मामंजींनी घास खाली ठेवला. “त्यो जेवला न्हाई, वयनी,” ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत, खाली ताटाकडे बघत. अंधार पडेना ते, चांदण्या होत्या ते, त्याच्या वाटणीचं आपण खाल्लं ते. सगळं झाल्यावर साळूबाईंनी एवढंच विचारलं, “तिकडं चंद्र कवा निघाला मंग?”

“लई उशिरा. मध्यान रात हुऊन गेल्याव.”

साळूबाई मनाशी काही जुळवत राहिल्या. “म्या तवा जेवून झोपले हुते,” त्या म्हणाल्या. “चंद्र बघून, हात जोडून, पोटभर जेवून झोपले हुते.”

मला मामंजींचा इतका राग आला की सांगता येत नाही, आणि त्यांची कीवही तेवढीच आली. दोन्ही एकदम यायला नको होतं. मी ताटं उचलायला वाकले तर साळूबाईंनी आपल्या ताटापाशी माझा हात अडवला.

“ह्ये आता त्याचं ताट. असू दे झाकून.” मग परसातल्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, “दरसाली म्या त्याला दुपारी वाढत आले. उपासाच्या येळंला. त्यानं कसं खावं?”

संध्याकाळी गोरक्ष आले, त्यांना मी हळूच सगळं सांगितलं. त्या दिवशी कुणी कुणाला ताट वाढलंय म्हणून हाक मारली नाही. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, त्या वर्षी नसायचाच. जेवणवेळेला पूर्वेकडून चंद्र वर आला, मोठा आणि तांबूस. मामंजी परसात उभे होते. “लवकर निघाला,” ते म्हणाले.

साळूबाईंनी झाकलेलं ताट आणून भिंतीवर ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले आणि भिंतीशी बसल्या. मामंजी दुसऱ्या बाजूला बसले. मी दारात. रात्री कावळा येत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तोफायवरचं लोणी हळूहळू थिजत गेलं. ताट निवताना ज्या माणसाला बघवत नव्हतं, तो त्याच्याकडे बघत बसला होता. थोड्या वेळानं मी दोघांना घोंगड्या आणून दिल्या. आत या म्हटलं तर आलं कुणी नाही.

कावळे उजाडता उजाडता आले. त्यांनी ताट विस्कटलं, खीर खाल्ली, बटाट्याच्या चकत्या उचलून नेल्या. ते उडून गेल्यावर साळूबाई उठल्या, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

“भांड्यातलं उरलंय ना? आन. तापवू नको.”

मी भांडं पुढ्यात ठेवलं. त्यांनी अर्धं मामंजींच्या ताटलीत वाढलं, अर्धं आपल्या. दोघं समोरासमोर बसून गार बटाटे खात होते. साळूबाईंनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, “असंच लागत हुतं?”

“असंच,” मामंजी म्हणाले.

साळूबाईंनी ताटली पुसून खाल्ली. त्यांना एसटीत बसवायला मामंजी आणि मी नगरच्या स्टँडवर गेलो. जामखेडची गाडी लागली, गर्दीत मी पुढे घुसून खिडकीची जागा धरून दिली. गाडी सुटायच्या आधी साळूबाईंनी खिडकीतून मामंजींना जवळ बोलावलं.

“भावजी, गावात म्या समद्यांस्नी सांगितलंय, माझा जेवून गेला म्हनून,” त्या म्हणाल्या. “उद्या पुतन्या आला, इचारलं त्यानं, तर तुमी बी तसंच सांगा.”

“बरं,” मामंजी म्हणाले.